कुजलेलं आणि सडलेलं

मागच्या आठवड्यात गंजावर लिहीन असं म्हटलं होतं. गंज आणखी एक आठवडा थांबेल. यावलकडच्या एका केळी उत्पादकाचं पत्र आलं आहे आणि ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही. ते लिहितात, केळीच्या रोगांच्या इंग्रजी नावांत जिथं तिथं ‘रॉट’ येतो; मुलाच्या पुस्तकात दातांसाठी मात्र ‘डिके’ आहे. कोशात दोन्हींपुढे ‘सडणे’. मग केळीला डिके का होत नाही?

चूक कोशाची आहे. ‘डिके’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचं मूळ ‘कादेरे’, म्हणजे पडणं. ‘ॲक्सिडेंट’ त्याच घरातला. त्यामुळे डिकेला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द ‘सडणे’ नाही, ‘पडझड’ आहे. जुन्या वाड्याला डिके लागतो, साम्राज्याला लागतो. घंटेचा नाद विरत जातो तो डिके, किरणोत्सर्गी अणू बदलत जातो तोही डिके. यांतल्या एकालाही वास येत नाही. दाताचंही तसंच. आम्लानं तो झिजतो, पोखरला जातो, ढासळतो. आपण मात्र दात ‘किडला’ म्हणतो, कारण दातात खरोखरची कीड असते अशी जुनी समजूत होती. युरोपातही ती होती. फ्रान्सच्या पिएर फोशारनं १७२८ साली आपल्या दंतवैद्यकाच्या ग्रंथात ती खोडून काढली. समजूत गेली, आपलं क्रियापद तेवढं राहिलं.

‘रॉट’ हा अस्सल जुन्या इंग्रजीतला शब्द. ‘रॉटन’ हे रूप मात्र इंग्लंडवर स्वाऱ्या करणाऱ्या नॉर्स लोकांकडून आलं. रॉटला दोन गोष्टी लागतात: एकेकाळी जिवंत असलेला पदार्थ आणि त्याला खाणारी बुरशी किंवा जिवाणू. केळीची फणी कापली की कापलेल्या जागी बुरशी शिरते, तिथला भाग काळा पडतो आणि तो काळेपणा फळाकडे सरकतो. हा क्राउन रॉट. केळ्याचं टोक विडीच्या राखेसारखं करडं होतं, तो सिगार एंड रॉट. पत्र लिहिणाऱ्या काकांना माझं उत्तर एवढंच: तुमचं केळ ढासळत नाही, कोणीतरी त्याला खातं.

आता माझ्या आवडीची गोष्ट. इंग्रजी जिथं एका ‘रॉट’वर भागवते, तिथं आपल्या शेतात दोन शब्द आहेत. मूळकूज, खोडकूज, आल्या-हळदीची कंदकूज. पण कपाशीचं बोंड मात्र कुजत नाही, ती बोंडसड. इंग्रजीत हे सगळे रॉटच. आपण फरक का करतो? मला वाटतं, जे मातीत किंवा मातीला लागून असतं ते कुजतं. जे डोळ्यांसमोर, उघड्यावर वाया जातं ते सडतं. मिरचीची फळकूज या नियमात बसत नाही, हे मान्य. तरी शेणखताकडे बघा. केळीची मृगबाग लावायची असो की कांदेबाग, खत ‘चांगलं कुजलेलं’ हवं. सडलेलं खत कोणी मागत नाही. कुजण्याच्या शेवटी माती होते, पुढचं पीक उभं राहतं. सडण्याच्या शेवटी नुसता तोटा. इंग्रज माळीही चांगल्या खताला ‘वेल-रॉटेड’ म्हणतो, म्हणजे त्याच्याकडे शिवी आणि शाबासकी या दोन्हींना एकच शब्द. इथं मराठी सरस आहे, असं मी स्वच्छ म्हणेन.

स्वयंपाकघरात आलं की विद्यार्थी हमखास ‘रॉटन मिल्क’ लिहितात. दूध रॉट होत नाही, ते ‘सावर’ होतं किंवा ‘टर्न’ होतं. आपणही दूध सडलं म्हणत नाही, नासलं म्हणतो. भाजी विटते, पीठ आंबतं, पाव बुरसतो. इंग्रजीत पाव आधी ‘स्टेल’ होतो, मग ‘मोल्डी’. या ‘स्टेल’चा भूतकाळ मानाचा आहे. मुरून निवळलेल्या, चांगल्या बिअरला पूर्वी स्टेल म्हणत.

तेल, तूप, खोबरं बिघडलं की ‘रॅन्सिड’, म्हणजे आपलं खवट. मनात धरलेल्या कडवट आकसाला इंग्रजीत ‘रँकर’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच लॅटिन धातूचे. आणि आपल्याकडे? खोबरं खवट, बोलणंही खवट. दोन्ही भाषांना आकसाचा वास जुन्या तेलासारखाच आला. जखमेतला ‘पू’ तर त्याहून जवळचा. संस्कृतातला पूय, लॅटिनमधला पस, इंग्रजीतला फाउल ही एकाच आजीची नातवंडं. उसनवारी नव्हे, रक्ताचं नातं.

शेवटी एक शब्द आपल्या स्टेशनांवरचा. सावदा, निंभोरा, रावेरहून दिल्लीकडे केळी रवाना होत, तो माल रेल्वेच्या भाषेत ‘पेरिशेबल’. मराठीत नाशवंत. दूध ज्या नाशानं ‘नासतं’, तोच हा नाश. कीर्तनकार देहाला नाशवंत म्हणतात आणि मालधक्क्यावर केळीलाही तोच शब्द लागतो.

गंज पुढच्या आठवड्यात, नक्की. त्यात इंग्रजी अमदानीत भर पावसाळ्यात तडकणाऱ्या पितळी काडतुसांची गोष्टही येईल. आपल्या वरणगावात काडतुसांच्या कारखान्यात काम करणारी घरं पुष्कळ, त्यांना ती विशेष आवडेल. तोवर एक काम करा. बिघडलेल्या अन्नाला, धान्याला, खताला तुमच्या घरात, तुमच्या बोलीत जे शब्द आहेत, ते कशाला वापरतात यासह मला लिहून पाठवा. आजीला विचारून पाठवलेत तर उत्तम.