उशिराची किंमत कोणी मोजायची?

आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्याने गेल्या वर्षी पुण्यात ६० लाख रुपयांची एक जुनी सदनिका घ्यावयाचे ठरविले. विकणारे गृहस्थ निवृत्त. त्याच पैशांतून तेही मुलीच्या गावी लहानसे घर घेणार होते. विसार दिला गेला, ४५ दिवसांत व्यवहार पुरा करण्याचे ठरले आणि बँकेचे मंजुरीपत्रही आठवडाभरात हाती पडले. प्रत्यक्ष धनादेश मिळाला तो मात्र ८३ व्या दिवशी. तोवर विक्रेते विसार जप्त करण्याची भाषा बोलू लागले होते आणि मुलीच्या गावचे ते घर दुसऱ्याने घेतले होते. या साऱ्यात लबाडी कोणीच केली नव्हती. कागद फक्त टेबलावर पडून होते.

मंजुरीपत्र म्हणजे पैसा नव्हे, हे सामान्य कर्जदाराला फार उशिरा कळते. ते पत्र त्याच्या पगाराची पत सांगते; घराची पत तपासण्याचे काम तेथून पुढे सुरू होते. बँकेचा वकील दुय्यम निबंधकांच्या दप्तरातून मालकीहक्काचा शोध घेतो, मूल्यमापक घर पाहून जातो, सोसायटीचा ना-हरकत दाखला मागविला जातो. शिवाय करारनामा नोंदविल्याखेरीज आणि खरेदीदाराने आपला हिस्सा आधी भरल्याखेरीज बँक सहसा रक्कम सोडत नाही. ३० लाखांवरील आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे ६० लाखांच्या घरासाठी स्वतःचे १२ लाख, आणि पुण्यातील ७ टक्के दराने मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार. बँकेचा एक रुपयाही येण्यापूर्वी खरेदीदाराचे १६ लाख २० हजार रुपये गुंतून पडतात. आता त्याला मागे फिरता येत नाही, आणि पुढे नेणारी दोरी दुसऱ्याच्या हाती असते.

बँकांची बाजू नाकारण्याचे कारण नाही. एकच सदनिका दोन-तीन ठिकाणी गहाण टाकण्याचे प्रकार या देशात इतके झाले, की २०११ मध्ये तारणांची मध्यवर्ती नोंदवहीच उघडावी लागली. ठेवीदारांचा पैसा देताना सावध राहिलेच पाहिजे. पण सावधगिरी वेगळी आणि दिरंगाई वेगळी. माझ्या सहकाऱ्याला आधी १९८७ चा मूळ करारनामा मागण्यात आला. तो दिल्यावर बारा दिवसांनी शेअर सर्टिफिकेटची प्रत, आणि त्यानंतर नऊ दिवसांनी सोसायटीच्या दाखल्यावरील नावातील एका अक्षराची दुरुस्ती. या तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी, एकाच पत्रात सांगता आल्या असत्या. त्या तशा सांगितल्या गेल्या नाहीत, कारण न सांगण्याने सांगणाऱ्याचे काहीच बिघडत नव्हते.

प्रश्नाचे मूळ नेमके येथे आहे. ४८ लाख रुपये दोन महिने अडले, तर वार्षिक ८ टक्के दराने त्यांचे व्याजच ६४ हजार रुपये होते. हा भार विक्रेता सोसतो किंवा खरेदीदारावर ढकलतो. खरेदीदार जुन्या घराचे भाडे भरीत राहतो. ज्याच्यामुळे विलंब होतो, त्याच्या हिशेबात मात्र तो कोठेच उमटत नाही. ज्याची किंमत मोजावी लागत नाही, अशी वस्तू माणूस सढळ हाताने वापरतो. येथे ती वस्तू म्हणजे दुसऱ्याचा वेळ.

रिझर्व्ह बँकेला हे तत्त्व अमान्य आहे असे नाही. २००३ च्या तिच्या मार्गदर्शक सूचनांत अर्जांची छाननी वाजवी मुदतीत व्हावी आणि मंजूर कर्ज वेळेवर द्यावे, असे म्हटलेच होते. पण ‘वाजवी’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. याउलट सप्टेंबर २०२३ च्या आदेशाने कर्ज पूर्ण फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत करण्याचे बंधन घातले, आणि सावकाराच्या दोषाने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई ठरविली. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे. कर्जाच्या शेवटच्या टोकाला वेळेला अशी रोख किंमत आली. पहिल्या टोकालाही ती का येऊ नये? सर्व त्रुटी एकाच लेखी पत्रात ठरावीक दिवसांत कळवाव्यात, त्या पूर्ण झाल्यापासून दिवस मोजले जावेत, आणि मुदत उलटल्यावर भरपाई सुरू व्हावी, एवढीच मागणी आहे. याने कर्जाचे दर वाढतील असा आक्षेप घेतला जाईल. थोडे वाढतीलही, पण आज तोच खर्च दोन कुटुंबे निमूटपणे भरीत आहेत.

तोपर्यंत खरेदीदाराने विसारपावतीकडे नीट पाहावे. खरेदीदाराच्या चुकीने व्यवहार मोडल्यास विसार जप्त करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका प्रकरणात मान्य केले आहे. म्हणून कर्जाला खरेदीदाराच्या दोषाविना उशीर झाल्यास मुदत किती वाढेल आणि कर्ज नाकारले गेल्यास विसार कसा परत मिळेल, हे पावतीत आधीच लिहून घ्यावे. दलाल ‘एवढे कशाला’ म्हणतील, म्हणू द्यावे.

माझ्या सहकाऱ्याच्या धनादेशावर तारीख ७६ व्या दिवसाची होती, आणि व्याजही त्याच दिवसापासून लावलेले होते. धनादेश हाती येण्यापूर्वीच्या दिवसांचे असे व्याज आकारण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये सावकारांना खडसावले आहे. त्या परिपत्रकाची प्रत जोडून त्याने सात दिवसांचे व्याज परत मागितले आहे. अर्ज विचाराधीन असल्याचे त्याला कळविण्यात आले आहे.