बोहारणीचा व्यापार

डोक्यावर भांड्यांची टोपली व खांद्यास जुन्या कपड्यांचे गाठोडे घेऊन वरळीच्या चाळींतून हिंडणारी बोहारीण कोणास ठाऊक नाही? दोन जुन्या साड्या आणि वर एक पाटलोण घ्यावी व स्टीलचे पातेले द्यावे, असा तिचा रोकडीवाचूनचा व्यवहार. पुष्कळ सभ्य गृहस्थ तिला भिकारणीच्या पंक्तीस बसवितात. आमच्या मते ती पक्की व्यापारी होय. बहुधा वाघरी समाजातील ह्या बाया आधी पदरचे पैसे घालून भांडी घेतात. मिळालेले कपडे धुतात, उसवलेले शिवतात आणि जुन्या बाजारात विकतात. कापडाची पारख चुकली तर तोटा तिचाच.

कित्येक सुधारक म्हणतात की, अशी अदलाबदल ही मागासलेल्या काळची खूण, ती जावी हेच बरे. ह्यात अर्धेच सत्य आहे. गावगाड्यात बलुतेदारांस सुगीला धान्य मिळे. परंतु महारांचे बलुते व वतन म्हणजे अष्टौप्रहर राबण्याची सक्ती होती. म्हणूनच १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. ती वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. तेथे दोष धान्याचा नव्हता. 'नको' म्हणण्याची मुभा नव्हती, हा होता. बोहारणीच्या व्यवहारात ती मुभा उभय पक्षांस आहे. गृहिणी पातेले वाजवून पाहते, 'आणखी एक चमचा टाक' म्हणते. बोहारीण सदरा उजेडात धरून विरलेली जागा दाखविते. शिवाय ज्या घरी रोकड पुरुषाच्याच खिशात असे, तेथे जुन्या साड्या तेवढ्या बाईच्या हुकमतीच्या; त्यांतून घेतलेल्या डब्यास कोणाची परवानगी लागत नसे. आमच्या अर्थशास्त्र्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आता वरळीच्या १२१ बी. डी. डी. चाळी टप्प्याटप्प्याने जाऊन मनोरे उभे राहत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांस किल्ल्याही मिळाल्या. आम्हांस ह्याचा आनंदच आहे. परंतु चाळीच्या पॅसेजात बोहारीण बिनदिक्कत शिरे; उंच इमारतींच्या फाटकावर बहुधा फेरीवाल्यांस मज्जाव असतो. गृहनिर्माण संस्थांनी आठवड्यातून एक दुपार तिला आवारात जागा नेमून द्यावी, व भाडे मागू नये. पहिल्या सर्वसाधारण सभेतच हा विषय एखाद्या रहिवासी भगिनीने मांडावा. आणि तो चहापानापूर्वी मांडावा, कारण नंतर सभेत फारसे कोणी उरत नाही.