साठीनंतरच्या नोकरीचा शोध : आधी देहाचा जमाखर्च

राज्य शासनाच्या सेवेतील बहुतेक कर्मचारी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. सत्काराची शाल घडी घालून कपाटात जाते. परंतु घराचा हप्ता आणि दरमहाची औषधे थांबत नाहीत. ज्यांना निवृत्तिवेतनच नाही, त्यांची ओढाताण याहून अधिक. जुन्नर-आंबेगाव परिसरातील ज्येष्ठ मंडळी रक्तदाब मोजून घेताना हलकेच विचारतात, "डॉक्टर, एक काम बघितलंय. झेपेल ना?" प्रश्न अगदी योग्य आहे, मात्र तो बहुधा काम स्वीकारल्यानंतर विचारला जातो. वाचकहो, उतारवयातील कामाचा शोध याच प्रश्नापासून सुरू व्हावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

कागदावर दोन रकाने

एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात आपल्याला काय येते ते लिहावे. 'मुख्याध्यापक होतो' एवढे लिहून भागत नाही; वेतनबिले करणे, पत्रव्यवहार सांभाळणे, पालकांशी बोलणे असे एकेक काम सुटे करून लिहावे. दुसऱ्या रकान्यात काय झेपते ते लिहावे. सलग किती वेळ उभे राहता येते? किती पायऱ्या चढवतात? दिवेलागणीनंतर दुचाकी चालवताना नीट दिसते का? दूरध्वनीवरील बोलणे स्पष्ट ऐकू येते का? लघवीला वारंवार जावे लागत असेल, तर तेही संकोच न करता लिहावे. स्वच्छतागृह जवळ नसलेल्या जागी पाणी पिणे टाळून दिवस काढणारे ज्येष्ठ थोडे नाहीत, आणि त्याचा त्रास पुढे मूत्रमार्गाला व मूत्रपिंडांना होतो.

हा कागद आणि चालू औषधे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, डोळे, कान आणि गरज वाटल्यास हृदयाचा आलेख एवढी तपासणी करून घ्यावी. मोतीबिंदू असेल, तर आधी शस्त्रक्रिया व मग नोकरी हा क्रम उत्तम. तंदुरुस्तीचा दाखला मात्र खरा असावा. आजार लपवून मिळवलेला दाखला पुढे आपल्याच जिवावर बेततो.

यानंतर पंधरा दिवस घरीच तालीम करावी. कामाच्या वेळेनुसार उठणे, आवरणे, डबा वेळेवर खाणे, दुपारी न झोपणे. पायांवर सूज, धाप किंवा चक्कर आली, तर कामाचे तास कमी धरावेत व तपासून घ्यावे. छातीत दुखले, तर पंधरा दिवस पुरे होण्याची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

काम कोठे, कसे मागावे?

आपल्याकडे कामाची बातमी छापील जाहिरातीआधी माणसांच्या तोंडून पोहोचते. म्हणून जुने सहकारी, माजी विद्यार्थी, ओळखीचे दुकानदार यांना सांगावे. पण "काहीही चालेल" असे म्हणू नये. "सकाळी नऊ ते एक, बसून हिशेब लिहिण्याचे काम हवे आहे" असे नेमके सांगितले, की ऐकणाऱ्याला कोणते दार ठोठवावे ते कळते. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात आडत्यांकडे लिखाणाचे काम असते. विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने गाळपाच्या दिवसांत गजबजतात. पतसंस्था, औषधांची दुकाने, मंगल कार्यालये, ओझरसारख्या तीर्थक्षेत्रातील निवासव्यवस्था येथेही विचारणा करता येईल. लेण्याद्रीला जायचे असेल, तर काम पायथ्याशी आहे की वर, हे आधी विचारावे. गुडघ्यांना तो फरक फार मोठा आहे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने १ ऑक्टोबर २०२१ रोजी ६० वर्षांवरील व्यक्तींच्या पुनर्रोजगारासाठी 'सेक्रेड' हे संकेतस्थळ सुरू केले. नातवंडांच्या मदतीने तेथे पाहावे. माजी सैनिकांनी पुण्यातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्यवाणी निःशुल्क आहे. श्रावणबाळसारख्या योजनेचा लाभ घेणाऱ्यांनी उत्पन्नाची अट तहसील कार्यालयात विचारून मगच काम धरावे.

नोकरी लावून देतो म्हणून कोणी आगाऊ पैसे किंवा दूरध्वनीवर आलेला सांकेतिक अंक मागितला, तर तेथेच थांबावे. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

रात्रीचा पहारा : दहादा विचार करा

सहज मिळते म्हणून अनेक जण पहारेकऱ्याची नोकरी धरतात. खासगी सुरक्षा संस्थांसाठीच्या २००५ च्या कायद्यानुसार अशा संस्थेमार्फत काम करणाऱ्या रक्षकाचे वय ६५ पेक्षा कमी असावे लागते. रात्रपाळीत झोप मोडते आणि जेवणाच्या वेळा हुकतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर अशा वेळी एकाएकी घसरते. दरदरून घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. खिशात साखरेची पुडी असू द्यावी, आणि औषधांच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत. शिवाय आपल्या भागात उसाच्या कडेने अंधारात एकट्याने येणे-जाणे म्हणजे बिबट्याशी गाठ पडण्याचा धोका. दिवसाचे काम दोन पैसे कमी देणारे असले, तरी तेच धरावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

सासूबाईंच्या वा वडिलांच्या आजारपणात ज्यांची नोकरी सुटली, त्यांनी ती वर्षे वाया गेली असे मानू नये. वेळेवर औषधे देणे, साखर मोजणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलून पाठीला जखमा होऊ न देणे, हे शिकलेले काम आहे. अर्जात ते स्पष्ट लिहावे. आजारी माणूस अजून घरात असेल, तर आपण बाहेर असताना जवळ कोण थांबेल, हे नोकरी पाहण्याआधी घरातील सर्वांनी बसून ठरवावे. ती चिंता एकट्या सुनेवर सोडू नये.

घरातील तरुणांनाही एक विनंती. "या वयात कशाला? लोक काय म्हणतील?" असे म्हणून वडीलधाऱ्यांना गप्प करू नका. कित्येकदा पैशांइतकीच, सकाळी आवरून घराबाहेर पडण्याचीही गरज असते. जेथे पैशांचीच निकड आहे, तेथे घरखर्चाचा हिशेब त्यांच्यासमोर मोकळेपणाने मांडा. किती कमवायचे हे कळले, की किती राबायचे हे ठरवता येते. नाहीतर मुलावर भार नको म्हणून माणूस दुखणे लपवत राबत राहतो. तेव्हा आज रात्रीच्या जेवणानंतर तो कोरा कागद सर्वांनी मिळून भरायला घ्या.