‘ओपन युअर बुक्स’च्या आधी

इंग्लिशचे सर वर्गात शिरले की शेवटच्या बाकांवर एक ठरलेली हालचाल होते. पुढच्याच्या पाठीआड लपेल अशा बेतानं माना खाली जातात. ‘ओपन युअर बुक्स. यू, रीड,’ यातला ‘यू’ कोण निघेल, काय सांगावं! ग्रामर, स्पेलिंग सगळं नंतरचं. भीती सुरू होते ती इथं.

आपल्यातलेच कितीतरी जण उद्या फळ्याजवळ उभे असतील. कुणी बीएडला जाईल, कुणी पॉकेटमनीसाठी आत्ताच शेजारच्या आठवीतल्या पोरांची शिकवणी घेत असेल. सुरुवातीच्या त्या पाच मिनिटांना बीएडवाल्यांकडे ‘सज्जता प्रवर्तन’ असं भारदस्त नाव आहे. अकरावी-बारावीच्या ‘युवकभारती’त तर धड्यांच्या आधी ‘आइस ब्रेकर्स’ छापलेलेच असतात. पण परीक्षेत त्याला मार्क नाहीत म्हटल्यावर अनेक वर्गांत ते पान सरळ उलटलं जातं. मग बर्फ फुटणार कसा?

हे करून बघा. फळ्यावर लिहा : मंगूस, शाम्पू, लूट, बंगलो, जगरनॉट. विचारा, यातले इंग्लिश शब्द किती? डिक्शनरीत सगळेच सापडतात. पण मंगूस म्हणजे आपलं मुंगूस, थेट मराठीतून गेलेलं. शाम्पूचं मूळ हिंदीतल्या ‘चांपना’त, म्हणजे मालिश करण्यात. आणि जगरनॉट आला पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून. इंग्लिशनं आपल्याकडूनच उसनवारी केलीय म्हटल्यावर मागचा बाकही मान वर करतो.

दुसरा खेळ माझा जास्त आवडता. स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची, दोन खरी, एक थाप. ‘आय हॅव सीन अ लेपर्ड. आय कॅन मेक भाकरी. आय हॅव नेव्हर ईटन वडापाव.’ वर्गानं थाप पकडायची, पण इंग्लिशमध्ये प्रश्न विचारून. ‘व्हेअर डिड यू सी इट?’ ‘वॉज इट बिग?’ बघता बघता प्रेझेंट परफेक्टवरून गाडी सिंपल पास्टवर येते आणि टेन्स हा शब्दही कुणी काढलेला नसतो. वडापावच्या थापेला तर अख्खा वर्ग तुटून पडतो.

गाणं किंवा व्हिडिओ लावून सुरुवात करायची सध्या फॅशन आहे. मला ती फारशी पटत नाही. पोरं खूश होतात, पण तोंड कोण उघडतं? बोलायचं त्यांनी आहे, स्पीकरनं नाही.

एक पथ्य मात्र पाळाच. कुणी ‘आय सॉ नॉट’ म्हणालं तर तिथल्या तिथे टोकू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या, चूक नंतर सगळ्यांची म्हणून फळ्यावर घ्या. साठ जणांचा वर्ग असेल तर जोड्या पाडा, नाहीतर हात वर करणारे नेहमीचे चारजणच बोलत राहतात. आणि हो, घड्याळाकडे लक्ष असू द्या. तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांचीच असते, धडाही व्हायचा असतो.