शिक्षा झाली, पण दाद कुठे मागायची?

इंग्रजी विकिपीडियावर अनेक वर्षे काम करणाऱ्या एका प्रचालकावर जून २०१९ मध्ये एक वर्षाची बंदी घालण्यात आली. ती त्याच्या सहकाऱ्यांनी नव्हे, तर विकिपीडियाचा आर्थिक व तांत्रिक भार वाहणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने घातली होती. तक्रार कोणाची आणि पुरावा कोणता, हे उघड करण्यात आले नाही. निर्णयावर अपीलही नव्हते. याच्या निषेधार्थ वीसहून अधिक प्रचालकांनी आपली जबाबदारी सोडली.

अशा समुदायात बंदी येणे ही वरवर किरकोळ बाब वाटते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षांचे विनामोबदला काम, त्यातून मिळालेला मान आणि जोडलेली माणसे एका क्षणात दुरावतात. म्हणूनच शिक्षेइतकाच अपिलाचा विचार महत्त्वाचा ठरतो.

अपिलाची पहिली अट म्हणजे ते ऐकणारा निराळा असावा. सोसायटीच्या सेक्रेटरीने ठोठावलेल्या दंडाविरुद्धचा अर्ज पुन्हा त्याच सेक्रेटरीच्या टेबलावर गेला, तर निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. इंग्रजी विकिपीडियाने यासाठी २००४ पासून लवाद समिती नेमली आहे. तिचे सदस्य संपादकांच्या मतदानातून येतात. लेखातील मजकूर बरोबर की चूक, हे समिती ठरवत नाही. ती केवळ सदस्यांचे वर्तन तपासते. प्रकरणाशी संबंध असलेल्या सदस्याने बाजूला होण्याची प्रथा आहे.

दुसरी अट कारणांची. आरोपच ठाऊक नसेल, तर खुलासा कशाचा करायचा? मात्र येथेच खरी अडचण उभी राहते. छळाची तक्रार करणाऱ्याचे नाव फुटले, तर त्याच्यावर सूड उगवला जाण्याची भीती असते. म्हणजे एकाला जाणण्याचा हक्क, तर दुसऱ्याला सुरक्षिततेचा.

२०१९ च्या प्रकरणात फाउंडेशनने अखेर हा वाद लवाद समितीकडे सोपवला. गोपनीय भाग झाकलेली कागदपत्रे समितीने तपासली, त्यांचा सारांश खुला केला आणि सदस्यांचे म्हणणे मागवले. उपलब्ध पुराव्यावरून बंदी समर्थनीय ठरत नाही, असा निष्कर्ष काढून सप्टेंबरमध्ये ती उठवण्यात आली. प्रचालकपद मात्र परत मिळाले नाही. त्यासाठी त्याने पुन्हा समुदायाचा कौल घ्यावा, असे ठरले. अपील म्हणजे केवळ ‘कायम’ किंवा ‘रद्द’ नव्हे, मधला मार्गही असू शकतो, हे यातून दिसले. पुढे २०२० मध्ये फाउंडेशनच्या अशा निर्णयांच्या फेरतपासणीसाठी स्वतंत्र समितीही नेमण्यात आली.

तिसरी अट मुदतीची. भारतात माहिती तंत्रज्ञान नियमांत ऑक्टोबर २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन तक्रार अपील समित्यांची तरतूद झाली. समाजमाध्यम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय अमान्य असल्यास वापरकर्ता ३० दिवसांत अपील करू शकतो आणि ते ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, अशी अपेक्षा आहे. या समित्या केंद्र सरकार नेमते. त्यामुळे कंपनीपासून त्या स्वतंत्र असल्या, तरी सरकारपासून किती, हा प्रश्न उरतोच.

अर्थात, अपिलाला मर्यादाही हव्यात. लवाद करणारे स्वयंसेवकच असतात. रोज तोच अर्ज आला, तर तेच थकतील. म्हणून लवाद समितीने घातलेल्या बंदीविरुद्ध साधारणपणे वर्षभरानंतर अर्ज करता येतो.

छोट्या समुदायांपुढे वेगळाच पेच असतो. तेथे प्रचालकच दोन-तीन आणि सारेच परस्परांच्या ओळखीचे. तेथे मोठी समिती परवडणारी नसते. पण शिक्षेचे कारण लेखी देणे आणि निर्णयात नसलेल्या एकाने तरी तो पुन्हा तपासणे, एवढे निश्चितच शक्य असते. अपील फेटाळले गेले तरी आपले म्हणणे कोणीतरी ऐकून घेतले, एवढा विश्वास हरणाऱ्याला वाटला, तरच तो समुदायात टिकतो.