बीजसंकलनोत्तर शारीरिक परिणाम : कारणे व कालक्रम

शरीराबाहेर फलन घडवून गर्भधारणा साधण्याच्या उपचारात स्त्रीच्या बीजकोशातून पक्व बीजे सुईने बाहेर काढावी लागतात. या क्रियेस बीजसंकलन म्हणतात. क्रिया अल्पकालिक असते. बहुधा अर्ध्या तासाच्या आत ती उरकते, आणि गुंगी उतरल्यावर त्याच दिवशी स्त्रीस घरी जाऊ देतात. त्यामुळे उपचारातील कष्टाचा भाग संपला, अशी रुग्णाची व आप्तांची समजूत होते. प्रत्यक्षात शरीरात घडणाऱ्या काही महत्त्वाच्या घटनांचा प्रारंभ या क्षणापासूनच होतो. पोट फुगणे, वजन वाढणे, धाप लागणे, खांद्यात कळ येणे ही लक्षणे क्रियेनंतर दोन-चार दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा प्रकट होतात. ती अनपेक्षित वाटतात. परंतु त्यांपैकी बहुतेकांची कारणपरंपरा स्पष्ट असून त्यांचा कालक्रमही ठरलेला असतो. त्या कारणपरंपरेचे विवेचन करणे, आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात तिचे ज्ञान विशेष आवश्यक का ठरते हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उपचाराची पार्श्वभूमी

जगातील पहिले नलिकाबालक २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जन्मास आले. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी के.ई.एम. रुग्णालयात जन्मलेली कन्या ही शास्त्रीय नोंदींनी सिद्ध झालेले भारतातील पहिले नलिकाबालक मानली जाते. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळ येथील प्रजननविषयक संशोधनसंस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या सहकार्याचे ते फळ होते. प्रारंभीच्या काळात बीजे काढण्यासाठी पोटास छिद्र पाडून दुर्बीण आत घालावी लागे. पुढे सोनोग्राफीच्या साह्याने योनिमार्गातून सुई घालण्याची पद्धत रूढ झाली व शस्त्रक्रियेचा भार पुष्कळ हलका झाला. परंतु सुईची जखम लहान झाली म्हणून बीजकोशातील बदलही लहान झाले, असे मात्र नव्हे.

निसर्गक्रमात दर महिन्यास सामान्यतः एकच बीज पक्व होते. ते ज्या द्रवयुक्त पिशवीत वाढते तिला पुटक म्हणतात. उपचारात सुमारे दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन अनेक पुटके एकाच वेळी वाढविली जातात. प्रत्येक पुटक दीड-दोन सेंटिमीटर व्यासाचे झाले, की एरवी सुपारीहून थोडा मोठा असणारा बीजकोश कित्येक पटींनी फुगतो. त्यानंतर बीजांची अंतिम पक्वता साधण्यासाठी एक निर्णायक इंजेक्शन देण्यात येते व सुमारे ३४ ते ३६ तासांनी संकलन होते.

येथे एक शंका नेहमी विचारली जाते : एकाच वेळी दहा-पंधरा बीजे काढली, तर साठा लवकर संपणार नाही काय? तसे होत नाही. दर महिन्यास बीजांचा एक समूह वाढीस लागतो; त्यातील एक पुढे जाते व उरलेली आपोआप नाश पावतात. औषधांमुळे या नष्ट होणाऱ्या बीजांनाच वाढीची संधी मिळते. तेव्हा या कारणाने ऋतुनिवृत्ती अलीकडे येत नाही.

रिकाम्या पुटकांचे कार्य

सुईने द्रव ओढून घेतल्यावर पुटक रिकामे होते, पण निष्क्रिय होत नाही. त्याच्या भिंतीतील पेशी रूप पालटतात व त्यांचा पीतपिंड बनतो. एरवी महिन्यास एक पीतपिंड असतो. येथे दहा, पंधरा, कधी वीसही असतात. ते प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक विपुल प्रमाणात स्रवतात. या संप्रेरकाने आतड्याची हालचाल मंदावते. पोटात गुबारा धरणे, मलावरोध होणे, स्तन दुखरे होणे व सुस्ती वाटणे या तक्रारींचे मूळ पुष्कळ अंशी येथे असते. गर्भाशयास आधार म्हणून हेच संप्रेरक बाहेरूनही देतात. त्याची तेलातील इंजेक्शने घेतल्यास त्या जागी गाठी येऊन दुखतात. पुढील पाळीही नेहमीपेक्षा मागेपुढे येऊ शकते.

पीतपिंडाचे दुसरे कार्य अधिक गंभीर आहे. निर्णायक इंजेक्शनातील एच.सी.जी. या संप्रेरकाच्या प्रभावाखाली तो असा एक पदार्थ निर्माण करतो, की ज्याच्या योगे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात. पीतपिंड अनेक असले, म्हणजे हा पाझर मोठा होतो. रक्तातील पाणी व प्रथिने वाहिन्यांबाहेर जाऊन उदरपोकळीत साचतात. क्वचित फुप्फुसाभोवतीही साचतात. या अवस्थेस बीजकोशाचे अतिउद्दीपन म्हणतात व वैद्यक व्यवहारात ती ओ.एच.एस.एस. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिचा सौम्य प्रकार १०० उपचारचक्रांपैकी सुमारे ३३ पर्यंत आढळतो असे ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत नमूद आहे. मध्यम व तीव्र प्रकार मिळून प्रमाण ३ ते ८ च्या दरम्यान दिले आहे. वयाने तरुण, शरीराने कृश, किंवा बीजकोशात पुष्कळ लहान पुटके असलेल्या स्त्रियांत धोका अधिक असतो. निर्णायक इंजेक्शनासाठी एच.सी.जी.ऐवजी दुसरे औषध योजणे आणि तयार झालेले भ्रूण गोठवून त्यांचे रोपण पुढील एखाद्या महिन्यात करणे, या दोन उपायांनी अलीकडे तीव्र विकाराचे प्रमाण पुष्कळ घटविता येते.

या विकारात एक विरोधाभास दिसतो. शरीरातील एकूण पाणी कमी झालेले नसते, किंबहुना वजन वाढलेले असते. तरी रक्तवाहिन्यांत मात्र पाण्याचा तुटवडा असतो. म्हणून पोट फुगत असतानाच लघवी कमी होते, घशास कोरड पडते व रक्त दाट होते. सूज पाहून लघवी वाढविणारी गोळी दिली, तर वाहिन्यांतील उरलेसुरले पाणीही जाते व रक्त अधिकच दाट होते. दाट रक्त गोठण्याची भीती असते, आणि या विकारातील गुठळी पायाप्रमाणेच मानेच्या व हाताच्या शिरांतही आढळते. मान दुखणे किंवा एक हात सुजणे याचा संबंध आठवड्यांपूर्वीच्या बीजसंकलनाशी असू शकेल, हे माहीत नसल्यास सहजासहजी ध्यानात येत नाही.

कालक्रम

पहिल्या दोन दिवसांत ओटीपोटात पाळीसारखे दुखणे, किंचित रक्तस्राव व गुंगीचा शीण हे परिणाम स्वाभाविक होत. मात्र वाढत जाणारी वेदना, चक्कर व खांद्याच्या टोकाशी कळ ही लक्षणे याच काळात दिसल्यास पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. खांद्यास काहीच झालेले नसते. साचलेले रक्त श्वासपटलास लागते, आणि त्या पटलाची व खांद्याची संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात पोहोचत असल्याने वेदना खांद्यात भासते.

तिसऱ्या दिवसापासून साधारण नवव्या दिवसापर्यंत अतिउद्दीपनाचा पहिला काळ असतो. गर्भधारणा न झाल्यास पाळीबरोबर तो ओसरतो. गर्भधारणा झाल्यास गर्भाचे स्वतःचे एच.सी.जी. पीतपिंडांना पुन्हा चेतविते व विकाराची दुसरी, बहुधा अधिक तीव्र लाट येते. येथे आणखी एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. इंजेक्शनातील एच.सी.जी. कित्येक दिवस शरीरात टिकते. त्यामुळे घाईने केलेली गर्भपरीक्षा खोटा होकार देऊ शकते.

जड झालेला बीजकोश आपल्या देठाभोवती पिळला जाण्याचा संभव या सर्व काळात असतो. एकाएकी एका बाजूस असह्य कळ व ओकारी हे त्याचे चिन्ह होय. जंतुसंसर्ग विरळा, परंतु ताप व ओटीपोटातील वेदना यांच्या रूपाने तो काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही प्रकट होतो.

रत्नागिरी जिल्ह्याचा संदर्भ

उत्तरेस मंडणगडापासून दक्षिणेस राजापुरापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यातील जोडपे उपचारासाठी मुंबईस, पुण्यास वा कोल्हापुरास गेले, तर संकलनानंतरचा परतीचा प्रवास लांबचा ठरतो. रत्नागिरीहून कोल्हापूर आंबा घाटाने सुमारे १३० किलोमीटर, तर मुंबई सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर आहे. १९९८ पासून पूर्ण मार्गाने सुरू झालेल्या कोकण रेल्वेने प्रवास सुसह्य झाला, तरी अंतर उरतेच. स्त्री ज्या दिवशी घरी पोहोचते तो दिवस बहुधा लक्षणरहित असतो. लक्षणे दिसू लागतात तेव्हा उपचारकेंद्र दूर आणि जवळचा वैद्य या प्रकरणाशी अपरिचित, अशी स्थिती होते.

या अंतरात गुप्ततेची भर पडते. मूल होत नाही ही गोष्ट वाडीत बोलली जाऊ नये, म्हणून उपचार लपविला जातो. आणि गावच्या डॉक्टरासही केवळ पोट फुगले, वाऱ्याचा त्रास आहे, एवढेच सांगण्यात येते. मग अपचनाचे औषध मिळते, किंवा वर वर्णिलेली लघवीची गोळी मिळते. घरी आलेली स्त्री बाहेरून धडधाकट दिसते. दिवस लावणीचे असले, तर ती चिखलात वाकून उभी राहते. विहिरीचे पाणी ओढते. फुगलेल्या बीजकोशास ही मेहनत वर्ज्य आहे, हे कोणी तिला सांगितलेले असेलच असे नाही, आणि सांगितले असले तरी ते घरच्यांपर्यंत पोहोचलेले नसते.

उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. दोन आठवडे रोज सकाळी वजन व बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजून लिहून ठेवावा. तहानेप्रमाणे पाणी, पेज, ताक घ्यावे. उपाशी राहू नये व बळेच घागरभर पाणीही पिऊ नये. वेदनेवर पॅरासिटामॉल चालते, पण सूज उतरविणारी इतर वेदनाशामके सल्ल्याविना घेऊ नयेत. अंथरुणास खिळून न राहता घरात हिंडतेफिरते असावे. एका दिवसात किलोभर वजन वाढणे, लघवी कमी होणे, सतत ओकारी, धाप, पोटरी वा मान दुखणे, एकाएकी तीव्र कळ किंवा ताप यांपैकी एकही चिन्ह दिसले, तर रात्र पडली तरी रुग्णालय गाठावे आणि बीजसंकलनाची तारीख प्रथम सांगावी. निघतानाच केंद्राकडून संकलनाचा दिनांक, काढलेल्या बीजांची संख्या, दिलेली इंजेक्शने व संपर्काचा क्रमांक असलेला कागद मागून घेतल्यास जवळच्या डॉक्टरास तो पुरेसा मार्गदर्शक होतो.

कायद्याची चौकट

साहाय्यित प्रजननासंबंधीचा २०२१ चा केंद्रीय कायदा जानेवारी २०२२ पासून अमलात आला. उपचाराचे लाभ, तोटे, खर्च, दुष्परिणाम व धोके जोडप्यास समजावून देणे त्याने केंद्रांवर बंधनकारक केले आहे. दुसऱ्यासाठी बीज देणाऱ्या स्त्रीस अधिक संरक्षण आहे : तिचे वय २३ ते ३५ असावे, तिने आयुष्यात एकदाच बीजदान करावे, सातांहून अधिक बीजे काढू नयेत आणि तिच्यासाठी १२ महिन्यांचा विमा उतरविलेला असावा. या तरतुदींमागील गरज कल्पित नाही. २०१० मध्ये मुंबईत बीजदानानंतर एका १७ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला व ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले होते.

तथापि कायद्याने सांगितलेली माहिती संमतिपत्रावर सही घेताना, म्हणजे उपचाराच्या आरंभी, दिली जाते. तिची गरज भासते ती संकलनानंतरच्या तिसऱ्या किंवा दहाव्या दिवशी. या दोन दिवसांमधील अंतर भरून काढणे हे उपचारकेंद्र, गावचा डॉक्टर व कुटुंब या तिघांचे काम आहे. बहुसंख्य स्त्रियांत हे परिणाम सौम्य असतात व दोन आठवड्यांत निवळतात. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ज्या थोड्या स्त्रियांत ते तीव्र होतात, त्यांच्या बाबतीत मात्र लक्षणाचा अर्थ वेळेवर कळणे हाच उपचाराचा पहिला भाग होय.