समरेषा आणि बाण : जलप्रवाहाच्या चित्रणाचा मागोवा

वाहत्या द्रव्याचे चित्रण करण्यासाठी आज जी दोन चिन्हे सर्वत्र रूढ आहेत, त्यांपैकी समरेषा स्थिती सांगते आणि बाण गती दाखवितो. आणि या दोहोंच्या आरंभीच्या इतिहासात एडमंड हॅली या एकाच ज्योतिर्विदाचे नाव आढळावे, हा मोठा योगायोग होय. १६८६ साली त्याने व्यापारी वाऱ्यांच्या दिशा नकाशावर बारीक रेघांनी दर्शविल्या, आणि १७०१ साली अटलांटिक महासागरावर चुंबकसूचीचा ढळ जेथे जेथे समान, ती स्थळे जोडणाऱ्या वक्ररेषा काढल्या. पुढे १७३० च्या सुमारास क्रुक्वियस या डच मोजणीदाराने मेर्वेडे नदीच्या तळाची खोली समरेषांनीच नोंदविली.

भूजल मात्र डोळ्यांना दिसत नाही. १८५६ साली हेन्री दार्सीने वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम सिद्ध केल्यानंतर विहिरींतील पातळ्यांवरून प्रवाहाचे अनुमान शास्त्रीय आधारावर करता येऊ लागले, आणि त्यातूनच, फोर्खहायमरने पाया घातलेल्या व १९३७ साली आर्थर कासाग्रांदेने धरणांतील पाझराच्या विवेचनाने अभियंत्यांच्या हाती सुलभपणे दिलेल्या प्रवाहजालाची पद्धत प्रचारात आली. समपातळीच्या आणि प्रवाहाच्या रेषा परस्परांना काटकोनात छेदून चौरसवत् घरे पडेपर्यंत खोडून पुन्हा काढावयाच्या, आणि मग घरे मोजून पाझराचा हिशेब करावयाचा, असा हा उद्योग असे. त्यात रेखाटन हेच गणित होते.

१९८४ साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील मॅक्डॉनल्ड व हार्बॉ यांचे, पुढे ‘मॉडफ्लो’ नावाने प्रसिद्धी पावलेले भूजलप्रवाहाचे संगणकीय प्रतिमान आले, आणि रेखाटन व गणित यांची ही जोडी फुटली. यंत्र भूमीचे कप्पे पाडून प्रत्येकाच्या मध्याची पातळी आणि बाजूंमधून जाणारा प्रवाह यांचे तक्ते देते. चित्र नंतर, निराळ्या साधनाने काढावे लागते. त्यामुळे मध्यबिंदूवरचा बाण बहुधा समोरासमोरच्या बाजूंच्या प्रवाहांची सरासरी असतो. उपसा असलेल्या विहिरीजवळ वेग इतका वाढतो की बाण खऱ्या प्रमाणात काढल्यास इतरत्र केवळ ठिपके उरतात, म्हणून लांबी समान ठेवून वेग रंगाने दाखवितात. आणि कोरड्या कप्प्याला दिलेला सांकेतिक अंक वगळावयाचा राहिल्यास तेथे समरेषांची निरर्थक गर्दी उसळते.

शिवाय बाणाने समरेषेला काटकोनातच छेदावे, हा नियम भूमी सर्व दिशांनी सारखीच पारगम्य असेल तेथेच खरा. आपल्या दख्खनच्या बेसाल्टात, जेथे पाणी भेगांतून आणि प्रस्तरांच्या सांध्यांतून वाहते, तेथे दोन विहिरींमधून सुबक समरेषा ओढणे म्हणजे त्या एकाच जलस्रोतावर असल्याचे गृहीत धरणे होय. पूर्वी असे गृहीत रेखाटताना हात अडखळे आणि विचार करणे भाग पडे. आता यंत्र न अडखळता रेषा पुरी करते, म्हणून जेथे प्रत्यक्ष मोजणी झाली त्या विहिरी नकाशावर ठळक दाखविणे आणि त्यांच्यापासून दूरच्या रेषा तुटक काढणे, एवढी शिस्त तरी चित्रकाराने पाळलीच पाहिजे.